रिंगांचं पान

बाळारामदादा,

तुझ्या शोकसभेची नोटीस कॉम्प्युटरवर छापली होती. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबलचक कागद. कडा फाडायचीही तसदी कुणी घेतली नव्हती, तसाच गेटजवळच्या फळ्यावर डकवला होता. त्यात तुझं नाव 'बलराम' आणि खातं 'स्टोअर्स'. मेंटेनन्सचा फिटर म्हणून आयुष्य घासलेला माणूस शेवटची तीन वर्षं शीळफाट्याच्या गोदामात बसवला होता आणि गोदाम स्टोअर्सच्या हाताखाली येतं, म्हणून मेल्यावर तू स्टोअर्सचा झालास. म्हणजे माझ्या खात्याचा. वाचून मला आधी हसू आलं, हे तुझ्यापासून लपवून काय उपयोग. तूही हसला असतास आणि वर एक शिवी घातली असतीस.

सभा कँटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे कामाचं एक मिनिट बुडू नये अशा बेताने. दोन मिनिटं शांतता पाळायची होती, पण साहेबांना पाऊण मिनिटातच खोकला आला. साहेब तेच, आपले मटेरियल मॅनेजर, ठाण्याहून कंपनीच्या गाडीने येणारे. तुझ्याबद्दल काय बोलावं ते त्यांना एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. चिठ्ठी मीच लिहिली होती, आणि त्यातलं एक वाक्यही त्यांनी वाचलं नाही. ते म्हणाले, "बलराम जुन्या पिढीचे. नव्या पद्धतीशी जुळवून घेताना त्यांना जड गेलं, पण माणूस प्रामाणिक. पुढे पुढे डोळ्यांनी साथ दिली नाही, त्याला कोण काय करणार?"

डोळ्यांनी साथ दिली नाही म्हटल्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. ज्यांनी तुझ्या हाताखाली पाना धरायला शिकून घेतलं, त्यांनीसुद्धा. माझीही मान हलली. तिला तीन वर्षांची सवय आहे.

तुझ्या डोळ्यांबद्दलच मला बोलायचं आहे, दादा. बाकी तुझी वयाची वर्षं, मुलंबाळं, स्वभाव मनमिळाऊ वगैरे नोटिशीत आलंच आहे.

मी स्टोअरला लागलो तेव्हा बी.कॉम. झाल्याची मस्ती होती. डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रंगाचा कारखाना, नाल्याचं पाणी सोमवारी लाल तर मंगळवारी निळं, आणि मी खिडकीशी इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. पहिल्याच आठवड्यात तू खिडकीवर आलास. हातात पंपाची गळती अडवणारी रबराची एक झिजलेली, तेलकट रिंग. मी विचारलं, "साइज काय?" तू म्हणालास, "साइज पुस्तकात हाय. मना काय इचारतंस?"

मग तू स्वतःच आत आलास, कपाटातून तो जाडजूड कॅटलॉग काढलास आणि शेवटाकडची दोन पानं उघडलीस. रिंगांची पानं. अंगठीपासून बशीएवढ्या घेरापर्यंत सगळ्या रिंगा तिथे एकात एक छापलेल्या, जेवढ्यास तेवढ्या. खऱ्या मापाच्या. तू जुनी रिंग त्या पानावर ठेवलीस, बोटाने हळूच सरकवलीस, एका गोलावर ती बसली. मी तो नंबर लिहायला लागलो तर म्हणालास, "थांब. ही फुगलेली हाय." रिंग नाकाशी नेऊन वास घेतलास, चिमटीत दाबलीस आणि दोन गोल आतला नंबर सांगितलास. कुठल्या रसायनात रबर किती फुगतं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते तुझ्या नाकात, बोटांत आणि डोळ्यांत होतं.

मी ती व्हर्नियरच्या जबड्यात धरून मोजायला निघालो तेव्हा तू हसलास. "रबराला चिमटा घेतलास त तो तुला पायजे त्या मापाचा होईल, तांब्या." माझं आडनाव तांबे. तांब्या हे तेव्हाच चिकटलं. चिडून मी तुला चुकीत पकडायची वाट बघत बसलो. दहा-अकरा वर्षं बसलो. तू एकदाही चुकला नाहीस. त्या पानांवर तुझ्या रिंगांचे इतके तेलकट गोल उमटले की छापलेले कुठले आणि तुझे कुठले ते नव्या माणसाला कळत नसे.

तसा तू काही संत नव्हतास. हेकट होतास, कोणाला काही शिकवायचं म्हटलं की तोंडावर कुलूप. चार इयत्ता शिकून इंग्रजी आकडे तेवढे ओळखायचास आणि मी वरची अक्षरं वाचून दाखवली की उपकार केल्यासारखं ऐकून घ्यायचास. दसऱ्याला पाने-हातोड्यांच्या रांगेत तू तो कॅटलॉगही मांडायचास, त्याला हळदकुंकू लावायचास. मी म्हणायचो, "दादा, हे कंपनीचं जाहिरातीचं पुस्तक आहे. निम्म्या वस्तू त्यातल्या मिळत नाहीत, भाव मागच्या वर्षीचे." तू म्हणायचास, "छापलेला हाय ना? मंग खोटा कसा असंल?" हा वाद आपण चहाच्या टपरीवर किती वेळा घातला असेल! तो तसाच राहिला. आता जिंकून तरी काय करू?

मग कॉम्प्युटर आला. त्याच्या आधी त्याची खोली आली, थंडगार, बाहेर चपला काढायच्या पाटीसकट. अंगात ताप असताना कामगाराला पंखा मिळायचा नाही, पण ह्या पाहुण्याला एसी. साहेबांनी भाषण केलं की आता पुस्तकं चाळायची गरज नाही, प्रत्येक वस्तूला कोड असेल, कोड दाबला की ऑर्डर. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. कुठल्या रॅकवर काय आहे ते एका मिनिटात कळायला लागलं. यंत्राला मी आजही नावं ठेवत नाही. नावं ठेवावीत अशी माणसंच इतकी होती की यंत्रापर्यंत पाळीच आली नाही.

साहेबांना तर त्यातलं काडीचं कळत नव्हतं. पासवर्ड म्हणजे काय हे त्यांना मी तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा त्यांनी तो मोठ्याने उच्चारून दाखवला. पण मान अशी ताठ, जणू कॉम्प्युटर घरच्या परसात पिकवून आणला आहे.

सगळ्या मेंटेनन्सवाल्यांना दाखवायला बोलावलं त्या दिवसाची आठवण मला नको असते, तरी येते. तू चपला काढून आत आलास. खिशातून रिंग काढलीस. सगळ्यांना वाटलं नमुना दाखवायला आणली असेल. तू पुढे झालास आणि ती रिंग सरळ काचेच्या पडद्यावर टेकवलीस, कॅटलॉगच्या पानावर टेकवायचास तशी. हात काढलास तर पडद्यावर तेलाचा गोल.

सगळी खोली हसली. साहेबांनी रुमाल काढून पडदा पुसला आणि म्हणाले, "काका, इथे टाइप करायचं असतं." तू विचारलंस, "मंग त्याला दिसतां कसा?" त्यावर तर हसणं थांबेचना. दादा, सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो. साहेब माझ्या शेजारी उभे होते ना. तुझा प्रश्न त्या खोलीतला एकमेव शहाणा प्रश्न होता, हे मला तेव्हाही कळलं होतं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला झेंडूची माळ कॉम्प्युटरला. तू कॅटलॉग शेजारी आणून ठेवलास, तो साहेबांनी दोन बोटांनी उचलून खाली ठेवला. दिवाळी झाली आणि हुकूम निघाला की जुने सगळे कॅटलॉग रद्दीत, एकही कागद खात्यात दिसता कामा नये, स्टोअरकीपरने तसं सही करून द्यावं. स्टोअरकीपर म्हणजे मी. मी सही केली.

पण मला तुझी दया आली. दया हा शब्द बघ, किती साहेबी आहे! रिंगांची दोन पानं तुझ्यासाठी ठेवायची असं मी ठरवलं. आता कुठल्याही शहाण्या माणसाने ती पानं फाडून घेतली असती. रद्दीवाला काही पानं मोजणार नव्हता. पण मी पडलो शिस्तीचा पुतळा. स्टोअरची वस्तू फाडायची? पाप! म्हणून मी तो कॅटलॉग पिशवीत घालून डोंबिवली स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो, दोन्ही पानांची एका कागदावर पाठपोट कॉपी काढली आणि मूळ पुस्तक दुसऱ्या दिवशी इमानदारीने रद्दीच्या हातगाडीवर चढवलं. कॉपी तुला दिली. तू ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लॉकरच्या दाराला आतून लावलीस आणि मला टपरीवर नेऊन वडापाव खिलवलास. "तू मानूस हायेस रे तांब्या," म्हणालास. तेवढं एकच प्रशस्तिपत्रक मला उभ्या नोकरीत मनापासून मिळालं आणि तेही खोट्या कामाबद्दल.

महिन्या-दोन महिन्यांनी भट्टीखालचा जुना पंप उघडला. जुन्या बाजारातून आणलेला, आपल्याच लेथवर खाचा पाडलेला, कागदपत्रं नसलेला. पाच वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता, त्यामुळे कॉम्प्युटरलाही त्याचा पत्ता नव्हता. तू रिंग काढलीस, तुझ्या त्या कागदावर ठेवलीस, वास घेतलास, दाबलीस, दोन गोल आत आलास आणि मला नंबर दिलास. मी दाबला. दहा डझन रिंगा आल्या, कारण साहेबांच्या पद्धतीत त्याहून कमी मागवताच येत नव्हतं.

रिंग बसेना. खाचेत ढिली पडली, उभी राहायला लागली. तू म्हणालास, "ही नाय. मोठी हाय." साहेब म्हणाले, "नंबर तुम्हीच दिला ना? बसवा आणि चालू करा." तू नाही म्हणालास. त्यांनी पुन्हा सांगितलं, चार माणसांदेखत, अरे-तुरे करून. शेवटी तू झाकण दाबून पंप चालू केलास आणि दुपारपर्यंत गळून गळून अख्खी बॅच नाल्यात गेली. त्या दिवशी नाल्याचं पाणी फार सुंदर केशरी झालं होतं.

मग चौकशी. साहेबांच्या टेबलावर तो प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद. "बंदी असताना हा कागद कुणी दिला?" मी दाराशी उभा होतो. माझी सही असलेला हुकूमही टेबलावर होता. तू माझ्याकडे बघितलंसही नाही. म्हणालास, "माजाच हाय. रद्दीवाल्याकरना आनला."

साहेबांनी मग वर्गात मास्तर फोडतात तशी फोड करून सांगितली. कंपनीने नंबर मागितला तसाच माल पाठवला आहे. दाबला तोच नंबर कॉम्प्युटरने पाठवला आहे. मग चुकलं कोण? "वय झालं काका. डोळे तपासून घ्या." आणि कागद माझ्याकडे फेकला, फाडून टाक म्हणून.

मी तो फाडला नाही. संध्याकाळी पाच वाजता, स्टोअर बंद करायच्या आधी, नव्या रिंगांतली एक घेतली आणि त्या कागदावर तिच्याच नंबरच्या गोलावर ठेवली. ती चहूबाजूंनी गोलाच्या बाहेर आली. दुसऱ्या मापाची एक शोधून ठेवली. तीही बाहेर. मग लक्षात आलं. कॅटलॉगचं पान रुंद होतं आणि झेरॉक्सचा कागद लहान. कडेचे गोल कापले जाऊ नयेत म्हणून त्या भल्या माणसाने पान थोडंसं बारीक करून छापलं होतं. सगळे गोल प्रमाणात, सुबक, आणि सगळेच्या सगळे खोटे. तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं. तू रिंग बरोबर ओळखली होतीस, वास बरोबर घेतला होतास, दोन गोलही बरोबर आत आला होतास.

हे सांगायला साहेबांच्या केबिनपर्यंत तीस पावलं होती. ती मी चाललो नाही. सांगितलं असतं तर विचारलं असतं की झेरॉक्स कुणी काढला. तुझ्या घरी यायला कोपर गावापर्यंत फार तर अर्धा तास. तेही आलो नाही. म्हटलं, उद्या सांगू, प्रकरण थंड झालं की सांगू. प्रकरण थंड झालं तेव्हा तुझी बदली शीळफाट्याला झाली होती, मोडक्या मशिनींवर पहारा करायला, आणि मला असिस्टंट ऑफिसरची खुर्ची मिळाली होती. खुर्चीवर बसून खरं बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझ्यापासून सुरुवात करायची तर मीही नाही.

आणि तू मूर्खा, तू विश्वास ठेवलास! ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. साहेबासारख्या माणसाने डोळे गेले म्हटल्यावर तू ते खरं मानलंस. एकदा तरी म्हणायचं होतंस की कागद दाखवा. तू म्हटलं नाहीस, कारण कागद छापलेला होता, आणि छापलेलं तुझ्या लेखी खोटं नसायचं. जन्मभर त्याची बाजू घेऊन माझ्याशी भांडलास आणि त्यानेच तुला खाल्लं. कॉम्प्युटरने नव्हे. हा वाद मी असा जिंकलो, दादा, आणि ज्याला सांगायचं तो माणूस ह्या जगात नाही.

एकदा कोपरला आलो होतो तेव्हा तुझा भाऊ ओट्यावर बसून जाळं विणत होता आणि तू नुसता बाजूला बसला होतास. तुमच्या घरात जाळ्याचा डोळा, म्हणजे त्याच्या भोकाचं माप, तूच धरायचास, खाडीपलीकडचे लोकही तुझ्याकडे जाळी घेऊन यायचे. मी विचारलं, "तू का नाही बसलास?" म्हणालास, "डोल्यांचा भरोसा नाय आता. डोला लहान-मोटा झाला त मासली जाईल." मी चहा संपवला. वहिनींनी तळलेले बोंबील दिले, तेही खाल्ले. आणि घरी आलो.

चष्मे तर तू किती केलेस! बसची पाटी मला वाचायला लावायचास. मी वाचून दाखवायचो. तुला ती दिसत असायची, मला माहीत होतं, पण आपल्याला दिसतंय ते बरोबरच आहे असं तुला वाटेनासं झालं होतं. ते मी केलं. साहेबांनी एकदा म्हटलं आणि ते विसरून गेले. मी तीन वर्षं रोज न बोलून तेच म्हणत राहिलो.

गेल्या महिन्यात जेवून उठताना तुझ्या छातीत कळ आली आणि सगळं आटोपलं. तेरावं झाल्यावर मी घरी गेलो. वहिनींनी बिस्किटांचा डबा उघडून पुढे केला. त्यात तुझे तीन चष्मे. "भाऊ, कुनाला नंबर लागत असंल त देऊन टाका. सारे नवेच हायेत. लावले तरी म्हनायचा, नीट दिसत नाय."

मी डबा बाजूला ठेवला. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. झेरॉक्स, सही, तीस पावलं, संध्याकाळचे पाच. खिशात तो कागद आणि एक रिंगही नेली होती, ती ठेवून दाखवली. तुझी बायको बाजारात सकाळपासून मासळी विकते, वजनकाट्यावर नजर ठेवून. तिला एकदाच दाखवावं लागलं.

तिने ओरडावं, हाकलून द्यावं, असं मला वाटत होतं. तयारीच करून गेलो होतो. खरं तर त्यासाठीच गेलो होतो, शिव्या खाऊन मोकळं व्हायला. ती रिंग कागदावरून उचलून तिने माझ्या हातात दिली. म्हणाली, "मना कशाला सांगतंव, भाऊ? त्याला सांगाचा व्हता." आणि उठून आत गेली. किती वेळ झाला तरी बाहेर आली नाही. चहाही आला नाही. त्या घरात पहिल्यांदाच.

तिचं बरोबर आहे. सांगायचं ते तुला होतं. म्हणून शोकसभेत न बोललेला हा माणूस आता कागदावर बोलतो आहे. कागदावर, ज्याच्यावर तुझा इतका भरवसा.

तर ऐक दादा. तू बरोबर रिंग उचलली होतीस. तुझ्या डोळ्यांना काहीही झालं नव्हतं, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. जाळं तूच विणायला हवं होतंस.